टेलिफोन व नेटवर्क केबलचे मॉड्युलर कनेक्टर कसे ओळखावेत आणि कसे जोडावेत

दुकानात जाऊन ‘टेलिफोनची पिन’ किंवा ‘लॅनची पिन’ मागितली, की पारदर्शक प्लास्टिकचा बोटाच्या पेराएवढा तुकडा हातात पडतो आणि तो घरच्या सॉकेटमध्ये बहुतेक वेळा बसतोही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. खटका नीट बसलेला असतो, तरी फोन मुका राहतो. नेटवर्कचा दिवा लागतो, पण वेग एक तृतीयांशसुद्धा मिळत नाही. किंवा कॅमेरा दिवसभर चालतो आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागताच बंद पडतो. अशा अनेक तक्रारींचे मूळ एकाच गैरसमजात असते: प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली, असे आपण धरून चालतो. वस्तुतः प्लगच्या कवचाचा आकार, त्यात बसवलेल्या धातूच्या पत्त्यांची संख्या आणि कोणत्या पत्तीला कोणती तार जाते याचा क्रम या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि कनेक्टर ओळखताना, विकत घेताना व जोडताना त्या तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आधी खाचा मोजाव्यात, मग पत्त्या

प्लग हातात घेऊन उजेडात धरावा. ज्या बाजूला दाबली जाणारी प्लास्टिकची जीभ, म्हणजे खटका असतो, त्याच्या विरुद्ध बाजूला समांतर खाचा दिसतात. काही खाचांत सोनेरी पत्ती असते, काही रिकाम्या असू शकतात. एकूण खाचा किती आणि त्यांपैकी किती खाचांत पत्त्या आहेत, हे दोन आकडे कळले की प्लगचे खरे नाव कळले. खाचेला इंग्रजीत ‘पोझिशन’ आणि पत्तीला ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतात. त्यामुळे सहा खाचा आणि चार पत्त्या असलेल्या प्लगचे नाव ‘६पी४सी’ होते.

रोजच्या वापरात तीन रुंदीची कवचे आढळतात. चार खाचांचे कवच ७.६५ मिलिमीटर, सहा खाचांचे ९.६५ मिलिमीटर आणि आठ खाचांचे ११.६८ मिलिमीटर रुंद असते. शेजारच्या दोन पत्त्यांमधले अंतर मात्र तिन्हींत सारखेच, सुमारे १.०२ मिलिमीटर आहे. या समान अंतरामुळेच फोनचा सहा खाचांचा प्लग नेटवर्कच्या आठ खाचांच्या सॉकेटमध्ये मधोमध बसतो आणि त्याच्या पत्त्या सॉकेटच्या मधल्या तारांना बरोबर टेकतात. तो बसतो म्हणून बसवावा, असे मात्र नाही. सहा खाचांच्या कवचाच्या दोन्ही कडांचे प्लास्टिक सॉकेटमधील पहिल्या व आठव्या तारेला जास्त खोल दाबते, आणि असे वारंवार झाले की त्या तारांचा ताण कमी होऊन पुढे नेटवर्कचा प्लग लावल्यावर त्या नीट टेकत नाहीत. केबल तपासण्याच्या टेस्टरची सॉकेटे अशाच वापराने खराब होतात आणि मग चांगली केबलही सदोष दाखवू लागतात.

चार खाचांचा सर्वांत अरुंद प्लग टेलिफोनच्या हँडसेटच्या गुंडाळीदार वायरीला असतो. त्याच्या चार तारांपैकी दोन बोलण्याच्या मायक्रोफोनसाठी व दोन ऐकण्याच्या भागासाठी असतात. कॉल सेंटरमध्ये वापरले जाणारे अनेक हेडसेटही याच प्लगने जोडले जातात, आणि तेथे तारांचा क्रम उत्पादकागणिक बदलतो. एका कंपनीचा हेडसेट दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बसतो, पण आवाज येत नाही, याचे कारण हेच असते. हेडसेट बदलण्यापूर्वी त्या फोनच्या मॉडेलसाठी योग्य असलेली जोडवायर मागावी.

‘आरजे’ या नावांचा उलगडा

‘आरजे’ म्हणजे ‘रजिस्टर्ड जॅक’, नोंदणीकृत जॅक. अमेरिकेत टेलिफोनचे जाळे आणि ग्राहकाच्या घरातले उपकरण ही दोन्ही दीर्घकाळ बेल कंपनीच्या समूहाच्या हातात होती. १९६८ मधल्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने बाहेरची उपकरणे जाळ्याला जोडण्याची वाट मोकळी झाली, आणि १९७० च्या दशकात तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने अशा जोडणीचे नियम घातले. ग्राहकाला स्वतःचा फोन स्वतः लावता यायचा, तर जोडणीचे ठरावीक प्रकार हवेत. ते ठरवून त्यांना क्रमांक दिले गेले. याच समूहातील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने विकसित केलेले मॉड्युलर प्लग व जॅक त्यासाठी वापरले गेले. म्हणजे आरजे क्रमांक मुळात प्लगच्या आकाराचा नाही, तर त्या आकारात कोणत्या तारा कशा जोडल्या आहेत याचा आहे.

ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुष्कळ गोंधळ मिटतो. सहा खाचांच्या एकाच कवचात मधल्या दोन पत्त्यांवर एक टेलिफोन लाइन असेल तर ती जोडणी आरजे-११, मधल्या चार पत्त्यांवर दोन लाइन असतील तर आरजे-१४ आणि सहाही पत्त्यांवर तीन लाइन असतील तर आरजे-२५. आपल्याकडे दुकानात या तिन्हींना सरसकट ‘आरजे-११’ म्हटले जाते, म्हणून विकत घेताना क्रमांकाबरोबर ‘दोन पत्त्यांची’ की ‘चार पत्त्यांची’ हेही सांगावे. हँडसेटच्या चार खाचांच्या प्लगला ‘आरजे-९’ किंवा ‘आरजे-२२’ म्हणतात, पण तो टेलिफोनच्या जाळ्याला जोडला जात नसल्यामुळे त्याची अशी नोंदणी कधी झालीच नव्हती. ते व्यवहारातले नाव आहे.

‘आरजे-४५’ चे प्रकरण याहून वेगळे आहे. मूळचा आरजे-४५ हा मॉडेमला डेटाची टेलिफोन लाइन जोडण्याचा प्रकार होता. त्यात आठ खाचांच्या कवचाला कडेला एक जादा उंचवटा होता, दोनच पत्त्यांवरून लाइन जात असे आणि सिग्नलची पातळी ठरवण्यासाठी सॉकेटमध्ये एक रोधक बसवलेला असे. नंतर इथरनेटसाठी, म्हणजे तारेने संगणक एकमेकांना जोडण्याच्या जाळ्यासाठी, जो प्लग रूढ झाला, तो त्याच्यासारखा दिसणारा पण उंचवटा नसलेला आणि आठही पत्त्या वापरणारा आहे. त्याचे नेमके नाव ‘८पी८सी’. तरीही दुकानात आरजे-४५ याच नावाने मागावे, कारण आता जगभर त्या नावाचा अर्थ तोच झाला आहे. फक्त ‘आरजे-४५ आहे’ एवढ्यावरून आतल्या तारांचा क्रम कळत नाही, हे विसरू नये.

टेलिफोनची जोडणी

बीएसएनएल किंवा मुंबईत एमटीएनएलची तांब्याची लाइन घरात येते ती दोन तारांनी, आणि भिंतीवरच्या रोझेट बॉक्समध्ये दोन स्क्रूंखाली आवळलेली असते. बॉक्सला असलेल्या सहा खाचांच्या सॉकेटमध्ये या दोन तारा मधल्या, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या पत्तीवर येतात. फोनपर्यंतच्या चपट्या वायरीत चार तारा असतील तर काळी, लाल, हिरवी व पिवळी असा नेहमीचा क्रम असतो. पहिल्या लाइनसाठी मधल्या लाल व हिरव्या तारा वापरल्या जातात आणि एकच लाइन असेल तर काळी व पिवळी मोकळ्या राहतात. वायर दोनच तारांची असेल, तर त्या मधल्याच खाचांत सरकवाव्यात. एक खाच जरी बाजूला सरकली, तरी प्लग व्यवस्थित बसतो आणि फोन मात्र पूर्ण बंद राहतो.

चपटी वायर स्वतः तयार करणाऱ्याने एक खूण लक्षात ठेवावी. वायर पीळ न देता टेबलावर सरळ पसरली असता दोन्ही टोकांच्या प्लगचे खटके वायरीच्या एकाच बाजूला असतील, तर एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला शेवटची होते. खटके विरुद्ध बाजूंना असतील, तर पहिली तार पहिलीच राहते. टेलिफोनच्या बाजारी वायरी सहसा पहिल्या, म्हणजे उलट क्रमाच्या असतात. एका लाइनच्या साध्या फोनला याने फरक पडत नाही, कारण दोन तारांची अदलाबदल झाली तरी आजची उपकरणे चालतात. परंतु हीच वायर कापून तिचा उपयोग इंटरकॉमच्या किंवा अन्य यंत्राच्या चार तारांच्या जोडणीसाठी केला, तर तेथे उलट क्रम घात करतो.

तांब्याच्या टेलिफोन लाइनवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि घंटी वाजताना त्यात बऱ्याच मोठ्या उलटसुलट दाबाची भर पडते. रोझेट बॉक्स उघडून उघड्या तारा हाताळत असताना नेमकी घंटी वाजली, तर चांगलाच झटका बसतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बाहेरून येणारी जोडी सोडवावी. फोनचा प्लग संगणकाच्या किंवा राउटरच्या नेटवर्क पोर्टमध्ये लावू नये, याचे दुसरे आणि अधिक गंभीर कारण हाच दाब आहे.

आता घराघरांत फायबर आल्यावरही सहा खाचांचा प्लग निकामी झालेला नाही. फायबरच्या पेटीवर, म्हणजे ओएनटीवर, ‘फोन’ किंवा ‘टेल’ असे लिहिलेले एक अरुंद सॉकेट असते आणि जुना लँडलाइन फोन तेथेच लागतो. घरातल्या इतर खोल्यांतले जुने फोन चालू ठेवायचे असतील, तर बाहेरून आलेली जुनी तांब्याची लाइन रोझेट बॉक्समधून पूर्णपणे सोडवून मगच ओएनटीची वायर त्या बॉक्सला द्यावी. दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या राहिल्यास बाहेरच्या लाइनचा दाब ओएनटीत शिरून ती कायमची बिघडू शकते.

आठ तारांचा क्रम, आणि तो तसाच का

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात: निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरी जोडीदार. प्लगचा खटका खाली, पत्त्या वर आणि केबलचे तोंड आपल्याकडे, असा प्लग धरला की डावीकडून पहिली पत्ती ही क्रमांक १. सर्व क्रमवारी याच स्थितीत वाचायची असते. प्लग उलटा धरला की क्रम उलटतो, आणि नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

प्रचलित पद्धती दोन आहेत. ‘टी५६८बी’ पद्धतीत डावीकडून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी असा क्रम येतो. ‘टी५६८ए’ पद्धतीत नारिंगी व हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते, म्हणजे पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-नारिंगी, निळी, पांढरी-निळी, नारिंगी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी. वेग किंवा गुणवत्तेत दोन्हींत काहीही फरक नाही. बाजारातल्या तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेल्या लवचीक वायरी, बहुतेक ‘बी’ पद्धतीच्या असतात. नवीन काम करताना ‘बी’ घ्यावी आणि जुन्या इमारतीत आधीची पद्धत पाहून तीच पुढे चालवावी. केबलच्या एका टोकाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ केली की ती क्रॉसओव्हर केबल होते. पूर्वी दोन संगणक थेट जोडताना ती लागत असे. आजचे पोर्ट ही अदलाबदल स्वतःच करून घेतात, त्यामुळे तिची गरज जवळजवळ संपली आहे.

या क्रमात एक गोष्ट प्रत्येकाला खटकते: निळी जोडी मधोमध आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकाच जोडीच्या दोन तारा फाकवलेल्या. सरळ एकेक जोडी शेजारी-शेजारी का लावली नाही? याचे उत्तर टेलिफोनमध्ये आहे. टेलिफोनची पहिली लाइन मधल्या दोन पत्त्यांवर आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्त्यांवर येते. भिंतीतल्या एकाच सॉकेटमध्ये गरजेनुसार फोन किंवा संगणक लावता यावा, म्हणून नेटवर्कच्या मानकाने आठ खाचांतल्या चौथ्या-पाचव्या पत्तीची आणि तिसऱ्या-सहाव्या पत्तीची जोडी टेलिफोनप्रमाणेच ठेवली. पुढे टेलिफोनच्या रीतीने दुसरी-सातवी आणि पहिली-आठवी अशा जोड्या केल्या असत्या, तर त्यांच्या तारा एकमेकींपासून फार दूर जाऊन जास्त वेगाचे सिग्नल बिघडले असते. म्हणून तेथे टेलिफोनची रीत सोडून पहिली-दुसरी आणि सातवी-आठवी अशा शेजारच्या जोड्या केल्या गेल्या. हे कारण एकदा समजले की रंगांचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो.

१० आणि १०० एमबीपीएसचे इथरनेट फक्त १, २, ३ आणि ६ या पत्त्यांवर चालते. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही मापन सतत ९५ च्या आसपास अडकत असेल, तर सेवा देणाऱ्याला दोष देण्यापूर्वी केबल पाहावी. निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी तार टेकत नसेल, अथवा केबल मुळातच चार तारांची असेल, तर जोडणी १०० वर उतरते.

प्लग आणि केबल घेताना

भिंतीतून जाणाऱ्या केबलच्या तारा भरीव, म्हणजे एकेरी तांब्याच्या असतात. पॅच कॉर्डमधली प्रत्येक तार अनेक बारीक तारांची बनलेली आणि लवचीक असते. प्लगच्या पत्तीला खालच्या बाजूने दाते असतात, जे क्रिम्प करताना, म्हणजे क्रिम्पर नावाच्या पकडीने प्लग दाबून बसवताना, आवरण भेदून तांब्याला भिडतात. लवचीक तारेसाठीचे दाते सरळ तारेच्या मध्यात घुसतात, तर भरीव तारेसाठीचे दाते आळीपाळीने बाजूंना वळलेले असतात आणि तारेला दोन्हीकडून पकडतात. लवचीक तारेचा प्लग भरीव तारेवर लावला, तर दाता तारेवरून घसरतो किंवा तिला चिरतो; त्या दिवशी सगळे चालते आणि काही महिन्यांनी थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत तार सुटू लागते. दोन्हींना चालणारे प्लगही मिळतात आणि घरगुती कामासाठी तेच घेणे बरे.

नेटवर्क केबलच्या प्रतींना ‘कॅट’ क्रमांक असतात. कॅट-५ई केबलची तार साधारण ०.५१ मिलिमीटर जाडीची, तर कॅट-६ ची बहुधा ०.५७ मिलिमीटरची असते. आवरणासह हा फरक आणखी वाढतो, त्यामुळे कॅट-५ई च्या प्लगमध्ये कॅट-६ च्या तारा शेवटपर्यंत शिरत नाहीत. कॅट-६ च्या काही प्लगमध्ये तारा एक वर, एक खाली अशा दोन ओळींत बसतात; काहींसोबत तारा ओवायची छोटी पट्टी वेगळी येते. ‘पास-थ्रू’ प्रकारात तारा प्लगच्या पुढून आरपार बाहेर येतात, त्यामुळे क्रम क्रिम्प करण्याआधी पाहता येतो आणि शिकणाऱ्याला हा प्रकार फार सोयीचा पडतो. मात्र त्याला तारा सपाट कापणारे वेगळे क्रिम्पर लागते. साध्या क्रिम्परने तांब्याची टोके पुढे उघडी राहतात.

पत्त्यांवरचा सोन्याचा मुलामा केवळ शोभेचा नसतो. संपर्काच्या जागी तांबे किंवा निकेल उघडे पडले की हवेने त्यावर थर चढतो. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत हे फार लवकर होते, म्हणून तेथे चांगल्या मुलाम्याचा, म्हणजे ५० मायक्रोइंच जाडीचा प्लग घेण्याचा थोडा जास्त खर्च सार्थकी लागतो.

धातूचे कवच असलेला शील्डचा प्लग फक्त शील्डच्या, म्हणजे तारांभोवती धातूचे वेष्टन असलेल्या, केबललाच लावावा, आणि तिची शील्ड उपकरणाच्या बाजूने योग्य अर्थिंगला पोहोचत असेल तरच. अर्थिंग नसलेली शील्ड काही उपयोगाची नाही.

केबलच्या बाबतीत एकच आग्रह धरावा, पण तो ठामपणे: तार पूर्ण तांब्याची असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार ‘सीसीए’ या नावाने, आणि कधी नाव न सांगताही, विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवल्यावर लवकर तुटते आणि पत्तीच्या दात्याखाली तिचा संपर्क टिकत नाही. ब्लेडने तारेचे टोक हळूच खरवडावे. आत चंदेरी धातू दिसला तर केबल परत करावी. पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज पुरवण्याच्या पद्धतीत हा दोष उघड होतो. सुरुवातीला उल्लेखलेला रात्री बंद पडणारा कॅमेरा पुष्कळदा याच केबलवर असतो: इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते, लांब केबलमध्ये विजेचा दाब कमी होतो आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतो.

क्रिम्पिंग कसे करावे

हाताशी क्रिम्पर, आवरण सोलण्याचे साधन, कात्री आणि टेस्टर ठेवावे. टोकाला रबरी बूट लावायचा असेल, तर तो सर्वांत आधी केबलमध्ये ओवावा, कारण प्लग लागल्यावर तो मागून चढत नाही. टोकापासून सुमारे ३ सेंटिमीटरवर बाह्य आवरणाला हलका छेद देऊन ते काढावे. छेद आतल्या तारांपर्यंत गेला नाही ना, हे प्रत्येक जोडी वाकवून पाहावे. चिरलेल्या आवरणातून तांबे चमकले तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सुरुवात करावी. कॅट-६ मध्ये मधोमध प्लास्टिकची चौफुलीसारखी पट्टी असते, ती बाह्य आवरणाच्या कडेशी कापून टाकावी.

यानंतर जोड्यांचा पीळ उलगडून तारा अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून सरळ कराव्यात व ठरलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी सपाट लावाव्यात. मग बाह्य आवरणाच्या कडेपासून १२ ते १३ मिलिमीटर ठेवून सर्व तारा एकाच काटकोनी छेदात कापाव्यात. हा आकडा महत्त्वाचा आहे. तारा यापेक्षा लांब ठेवल्या तर बाह्य आवरण प्लगच्या बाहेर राहते, केबल ओढली गेल्यावर सगळा ताण नाजूक तारांवर येतो आणि पीळ जास्त उलगडल्याने सिग्नलही बिघडतो. आखूड ठेवल्या तर तारा पत्तीखाली पोहोचत नाहीत.

प्लग खटका खाली ठेवून धरावा आणि तारा एकत्र, समान जोराने आत सरकवाव्यात. प्लगच्या पुढच्या भिंतीतून पाहिल्यावर तांब्याचे आठही ठिपके दिसायला हवेत आणि मागच्या बाजूला बाह्य आवरण, ते दाबून धरणाऱ्या प्लगमधल्या पाचरीच्या पुढे गेलेले असावे. क्रम पुन्हा एकदा वाचावा, कारण क्रिम्प केलेला प्लग पुन्हा वापरता येत नाही. मग क्रिम्पर त्याची कळ सुटेपर्यंत पूर्ण दाबावा. बाहेर काढल्यावर सर्व पत्त्या एकाच पातळीवर आणि प्लास्टिकच्या कडांपेक्षा किंचित खाली बसलेल्या दिसतात. एखादी पत्ती वर राहिली असेल तर पुन्हा दाबावे. तसाच प्लग लावल्यास ती सॉकेटमधली तार वाकवते, आणि प्लग काही रुपयांचा असला तरी ते सॉकेट नेटवर्क स्विचच्या, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या, किंवा लॅपटॉपच्या बोर्डावर असते.

भिंतीतल्या भरीव तारेच्या केबलला शक्यतो प्लग लावू नये. ती भिंतीवरच्या बॉक्समधल्या कीस्टोन जॅकवर, म्हणजे त्यात बसणाऱ्या छोट्या सॉकेटवर, पंच करावी, म्हणजे तारा पंचिंग टूलने खाचांत दाबून बसवाव्यात, आणि तेथून पुढे तयार पॅच कॉर्ड वापरावी. जॅकच्या कडेला ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन रंगपट्ट्या छापलेल्या असतात. दोन्ही टोकांना एकच पट्टी पाळावी. जोडीचा पीळ खाचेच्या अगदी तोंडापर्यंत राहू द्यावा आणि पंचिंग टूलची कापणारी धार बाहेरच्या बाजूला आहे ना, हे पाहूनच दाबावे. टेलिफोनच्या क्रोन मॉड्यूलचे पाते आणि नेटवर्क जॅकचे ‘११०’ पाते वेगवेगळे असते. एकाचे पाते दुसऱ्यात घातल्यास खाच फाकते. छतावरच्या कॅमेऱ्याला बॉक्स बसवायला जागा नसते, तेथे केबललाच थेट प्लग लावणे २०१८ च्या सुधारित मानकानेही मान्य केले आहे.

टेस्टरचे आठ दिवे लागले, तरीही

साध्या टेस्टरमध्ये केबलची दोन टोके घातली की १ ते ८ दिवे क्रमाने लागतात. दिवा लागला नाही तर तार तुटलेली किंवा न टेकलेली आहे. दुसऱ्या टोकाला क्रम चुकला तर तारांची अदलाबदल झाली आहे. एवढे हा टेस्टर अचूक सांगतो. त्याला एक चूक मात्र दिसत नाही, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक तीच आहे.

एका शाळेच्या संगणक कक्षात हा अनुभव मी जवळून घेतला आहे. केबल टाकणाऱ्याने नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने लावल्या होत्या, दोन्ही टोकांना अगदी सारख्या. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागत होते. तरी फाइली पाठवताना जोडणी मध्येच तुटत होती, लांबच्या बाकांवर जास्त आणि स्विचजवळच्या बाकांवर कमी. स्विच बदलून झाला, संगणकांची कार्डे बदलून झाली. शेवटी प्लग डोळ्यांपुढे धरून रंग वाचले, तेव्हा कारण कळले. इथरनेटची एक जोडी ३ आणि ६ या पत्त्यांवर असते. सरळ ओळीत तेथे पांढरी-हिरवी आणि निळी अशा दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आल्या होत्या. एकाच जोडीच्या दोन तारांतून सारखे पण विरुद्ध सिग्नल जातात आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे बाहेरून आलेला गोंगाट दोघींवर सारखाच पडून वजा होतो. जोडीदार तार दुसऱ्याच पिळात गेली की हे संरक्षण संपते आणि शेजारच्या जोडीचा सिग्नल तिच्यात मिसळतो. विजेच्या दृष्टीने वाट पूर्ण असते, म्हणून टेस्टर समाधानी असतो. सगळी टोके कापून ‘बी’ पद्धतीने पुन्हा क्रिम्प केल्यावर त्याच केबलींवर तो कक्ष व्यवस्थित चालू लागला. त्यानंतर मी टेस्टर लावण्यापूर्वी दोन्ही टोकांचे रंग मोठ्याने वाचतो, आणि शिकणाऱ्यांकडूनही तसेच वाचून घेतो.

केबलची लांबी हाही तपासणीचा भाग आहे. भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, अशी एकूण १०० मीटरची मर्यादा आहे. टेलिफोनची चपटी, पीळ नसलेली वायर नेटवर्कसाठी कोणत्याही लांबीला वापरू नये.

आरजे-४५ सारखे दिसणारे, पण नेटवर्क नसलेले

आठ खाचांचे सॉकेट स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असल्यामुळे अनेक उत्पादक ते नेटवर्कशी संबंध नसलेल्या कामांसाठी वापरतात. मोठ्या स्विच व राउटरवरचा ‘कन्सोल’ पोर्ट हा सिरियल जोडणीचा असतो आणि त्याच्या बहुधा फिकट निळ्या, चपट्या वायरीत पहिली तार आठवीला, दुसरी सातवीला अशी उलट जाते. सौर इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी यांच्यातला संवादही अनेकदा अशाच सॉकेटमधून होतो, आणि तेथे कोणत्या पत्तीवर काय आहे हे उत्पादकाच्या पुस्तिकेतच पाहावे लागते. बारकोड स्कॅनर व काही यूपीएसच्या वायरींना तर त्याच रुंदीच्या कवचात दहा पत्त्या असतात, त्यामुळे वरवर पाहून फरक कळत नाही. पत्त्या मोजल्यावरच कळतो. बाहेरच्या वायरलेस रेडिओसोबत येणारा साधा वीजपुरवठा पुढच्या उपकरणाला न विचारता ४-५ आणि ७-८ या पत्त्यांवर कायम दाब देतो. त्याची केबल चुकून लॅपटॉपला लावू नये, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी. प्रमाणित पीओई स्विच मात्र आधी उपकरण ओळखतो आणि मगच वीज सोडतो.

गच्चीवर किंवा गेटजवळ जाणाऱ्या केबलसाठी पावसाळ्यापूर्वी दोन कामे करावीत. प्लग उघडा न ठेवता झाकणाच्या पेटीत घ्यावा आणि पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खालच्या बाजूने एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, प्लगपर्यंत जात नाही. दोन स्वतंत्र इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकण्याऐवजी फायबर टाकावी. वळवाच्या विजांनी दोन्हीकडचे पोर्ट एकाच वेळी जळण्याचा धोका त्याने टळतो. आणि प्रत्येक बॉक्समध्ये १५ ते २० सेंटिमीटर केबल जादा गुंडाळून ठेवावी, कारण खराब झालेले टोक कापून नवा प्लग लावायला तेवढी लांबी लागतेच.